विश्लेषण : डोलवीहून थेट बर्फात! हिवाळी ऑलिम्पिक प्रेक्षक म्हणून पाहायला जाणे कितपत शक्य? तिकीट, व्हिसा, खर्चाचे गणित काय?

इटलीतील मिलान आणि कोर्टिना येथे ६ ते २२ फेब्रुवारी २०२६ या काळात हिवाळी ऑलिम्पिक होत आहे. आपल्याकडे या स्पर्धेची चर्चा उद्घाटनाच्या दिवशी ध्वजधारकाचा फोटो येतो तेवढीच. पण या वेळी पेण, अलिबाग, पनवेल पट्ट्यातूनही 'हे बघायला जाता येईल का', असे विचारणारे वाचक भेटू लागले आहेत. स्पर्धेला आता जेमतेम महिना उरला आहे. डोलवीसारख्या कारखान्याच्या गावातून एखाद्याने ठरवलेच, तर काय करावे लागेल, कुठे अडेल आणि पैसे कुठे बुडू शकतात, हे समजून घेऊ…

डोलवीचा आणि बर्फाचा संबंध काय?

धरमतर खाडीच्या काठी, वडखळ नाक्याच्या जवळ असलेल्या डोलवीत बर्फ फक्त मासळीच्या खोक्यांत दिसतो. पेणच्या थंडीत सकाळी स्वेटर घातला तरी दहा वाजता तो कमरेला बांधावा लागतो. तरीही या गावाचा हिवाळी ऑलिम्पिकशी एक धागा आहे. डोलवीचा पोलाद प्रकल्प आधी इस्पात इंडस्ट्रीजचा होता. २०१० च्या अखेरीस तो जेएसडब्ल्यू समूहाकडे गेला. आज त्याची वार्षिक क्षमता एक कोटी टनांची आहे. याच समूहाच्या क्रीडा विभागाने काश्मीरचा स्कीपटू आरिफ खान याला बीजिंग २०२२ च्या आधी आर्थिक मदत केली होती. त्या ऑलिम्पिकमध्ये भारताकडून उतरलेला तो एकमेव खेळाडू. जायंट स्लॅलममध्ये तो ४५वा आला आणि स्लॅलममध्ये शर्यत पूर्ण करू शकला नाही.

दुसरा धागा इटलीचा. इटलीतील पियोंबिनो येथील पोलाद कारखाना जेएसडब्ल्यूने २०१८ मध्ये घेतला. तिथे रेल्वेचे रूळ बनतात. म्हणजे डोलवीच्या कँटीनमध्ये इटलीचे नाव अगदीच परके नाही.

या दोन धाग्यांमुळे डोलवीच्या कामगाराला तिकिटात सवलत मिळत नाही, हे वेगळे सांगायला नको. पण 'आपल्याकडचे कोण कशाला जाईल' या प्रश्नाचे उत्तर त्यातून थोडेफार मिळते.

महाराष्ट्राचा याहून मोठा संबंध मुंबईत घडला. ऑक्टोबर २०२३ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे १४१ वे अधिवेशन झाले. लॉस एंजेलिस २०२८ मध्ये क्रिकेट येणार, ही बातमी आपण सगळ्यांनी वाचली. त्याच अधिवेशनात २०३० आणि २०३४ या दोन्ही हिवाळी ऑलिम्पिकचे यजमान एकदमच ठरवायचे, यालाही तत्त्वतः मान्यता मिळाली होती. कारण हवामानबदल. २०४० पर्यंत बर्फावरचे खेळ भरवू शकतील असे जेमतेम दहा देश उरतील, असा इशारा ऑलिम्पिक समितीच्या अभ्यासातून त्या वेळी दिला गेला. क्रिकेटच्या गदारोळात ही बातमी आतल्या पानांवर गेली.

नेमके काय, कुठे आणि कधी?

एकूण ८ खेळ, १६ प्रकार आणि ११६ सुवर्णपदके. खेळाडू सुमारे २,९००. उद्घाटन ६ फेब्रुवारीला मिलानच्या सॅन सिरो स्टेडियममध्ये, समारोप २२ फेब्रुवारीला व्हेरोनाच्या प्राचीन रोमन प्रेक्षागृहात. कर्लिंगचे सामने उद्घाटनाच्या दोन दिवस आधी, ४ तारखेलाच सुरू होतील. स्की माउंटेनिअरिंग हा खेळ पहिल्यांदाच ऑलिम्पिकमध्ये येतो आहे.

प्रेक्षकाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते अंतर. ही स्पर्धा एका शहरात नाही. सुमारे २२ हजार चौरस किलोमीटरच्या परिसरात ती पसरलेली आहे. बर्फाच्या रिंकमधले खेळ, म्हणजे आइस हॉकी, फिगर स्केटिंग, शॉर्ट ट्रॅक आणि स्पीड स्केटिंग, मिलानमध्ये किंवा मिलानला लागून होतात. पुरुषांचे अल्पाइन स्कीइंग बोर्मिओत, स्नोबोर्ड आणि फ्रीस्टाइल लिविन्योत. महिलांचे अल्पाइन, कर्लिंग, लूज आणि बॉबस्ले कोर्टिनात. क्रॉस-कंट्री आणि स्की जंपिंग वाल दी फिएम्मे खोऱ्यात, तर बायथलॉन ऑस्ट्रियाच्या सीमेजवळच्या अँथोल्झमध्ये.

'मिलान-कोर्टिना' हे नाव वाचून वाशी-पनवेल अंतर डोळ्यांसमोर येत असेल तर ते काढून टाका. मिलान ते कोर्टिना रस्त्याने ४०० किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे पेणहून सावंतवाडी गाठण्यासारखे. मुंबई-गोवा महामार्गापेक्षा रस्ता बरा असला तरी पाच तास धरावेच लागतात. कोर्टिनाला रेल्वे स्टेशन नाही. सर्वात जवळचे स्टेशन कालाल्झो, तिथून पुढे बस. त्यामुळे सकाळी मिलानला हॉकी आणि संध्याकाळी कोर्टिनाला लूज, असा बेत नकाशावरच राहतो.

मग कोणता खेळ निवडावा?

इथे थोडे मत मांडतो. पहिल्यांदाच जाणाऱ्याने डोंगरापेक्षा मिलानमधली रिंक निवडावी.

कारण साधे आहे. अल्पाइन स्कीइंगमध्ये प्रेक्षक उताराच्या शेवटी बसतात. वरून निघालेला खेळाडू बराच वेळ मोठ्या पडद्यावरच दिसतो आणि प्रत्यक्ष डोळ्यांसमोर येतो तो शेवटचे काही सेकंद. लूजमध्ये स्लेजचा वेग ताशी १३० किलोमीटरपर्यंत जातो. म्हणजे सेकंदाला ३६ मीटर. तुमच्यासमोर बर्फाच्या पन्हळीचा २० मीटरचा तुकडा दिसत असेल तर खेळाडू त्यातून अर्ध्या सेकंदात निघून जातो. डोळ्याची पापणी लवायच्या आत, हा वाक्प्रचार इथे शब्दशः लागू पडतो. त्या अर्ध्या सेकंदात येणारा आवाज आणि जमिनीची थरथर टीव्हीवर कळत नाही, असे तिथे जाऊन आलेले सांगतात आणि ते खरेही असेल. पण त्यासाठी दोन बस बदलून, चढ चढून जायची तयारी हवी.

रिंकमध्ये मात्र संपूर्ण खेळ समोर असतो. छप्पर असते, स्वच्छतागृह जवळ असते आणि सामना संपल्यावर मेट्रो किंवा लोकल मिळते. शॉर्ट ट्रॅक हा प्रकार तर क्रिकेट पाहणाऱ्यालाही पाच मिनिटांत कळतो. छोट्या वर्तुळात चार-पाच जण एकत्र धावतात, कोण कधी पडेल सांगता येत नाही, आणि एक जण पडला की मागचा पुढे जातो. आइस हॉकीतही या वेळी विशेष आकर्षण आहे. उत्तर अमेरिकेच्या 'एनएचएल' लीगमधले व्यावसायिक खेळाडू २०१४ नंतर पहिल्यांदाच ऑलिम्पिकमध्ये परत येत आहेत. मात्र त्यासाठी बांधलेल्या सांताजुलिया रिंकचे काम अगदी शेवटच्या टप्प्यापर्यंत रेंगाळले आहे. महामार्गाचे काम वर्षानुवर्षे पाहणाऱ्या पेणकरांना यात नवल वाटू नये.

भारतीय खेळाडूला प्रोत्साहन द्यायचे असेल तर मात्र डोंगरच गाठावा लागेल. पात्रतेची प्रक्रिया जानेवारीच्या मध्यापर्यंत चालते, त्यामुळे नावे पक्की व्हायची आहेत. भारताला संधी असलेल्या प्रकारांतली पुरुषांची स्लॅलम शर्यत १६ फेब्रुवारीला बोर्मिओत आहे आणि क्रॉस-कंट्रीची १० किलोमीटर शर्यत १३ फेब्रुवारीला वाल दी फिएम्मेतल्या तेझेरोत.

बोर्मिओचेच उदाहरण घ्या. मिलानहून तिरानोपर्यंत रेल्वेने सुमारे अडीच तास, तिथून बसने आणखी तासभर. स्लॅलमची पहिली फेरी सकाळी होते. मिलानला हॉटेल घेऊन पहाटेची गाडी पकडली तरी पहिली फेरी गाठणे कठीण. आणि भारतीय खेळाडूंचा अनुभव पाहता पहिली फेरी पूर्ण होणे हीच मोठी गोष्ट असते. दुसऱ्या फेरीला पोहोचलात आणि आपला माणूस पहिल्याच फेरीत बाहेर गेला असेल, तर? म्हणून आदल्या रात्रीचा मुक्काम तिरानो किंवा सोन्द्रिओकडेच हवा.

तिकीट कसे मिळते?

अधिकृत तिकिटे फक्त मिलान-कोर्टिना २०२६ च्या संकेतस्थळावर मिळतात. नोंदणी आणि सोडत गेल्या वर्षी फेब्रुवारीपासून सुरू होती. आता उरलेली तिकिटे 'आधी येईल त्याला' या पद्धतीने विकली जातात. शिवाय ज्यांना जाणे शक्य नाही त्यांची तिकिटे पुन्हा विकण्यासाठी अधिकृत पुनर्विक्री व्यवस्था आहे. हॉस्पिटॅलिटी, म्हणजे जेवणखाण आणि चांगली जागा यांसह येणारी महागडी पॅकेज 'ऑन लोकेशन' ही कंपनी विकते.

दर ऐकून घाबरण्याचे कारण नाही. सर्वात स्वस्त तिकीट ३० युरोंचे आहे. युरो १०५ रुपये धरला तर ३,१५० रुपये. आयोजकांनी जाहीर केल्याप्रमाणे निम्म्याहून अधिक तिकिटे १०० युरोंच्या, म्हणजे साधारण साडेदहा हजारांच्या आत आहेत. उद्घाटन सोहळ्याचे मात्र वेगळे. तिथे २६० युरोंपासून सुरुवात होऊन थेट २,०२६ युरोंपर्यंत दर जातो. म्हणजे एका संध्याकाळसाठी २ लाख १२ हजार रुपये. सालाच्या आकड्यावरून दर ठरवण्याची ही हौस खिशाला परवडणारी नाही.

आता एक बारीक अडचण. ऑलिम्पिकच्या तिकिटांसाठी पैसे भरताना फक्त 'व्हिसा' कंपनीचे कार्ड चालते, कारण ती कंपनी प्रायोजक आहे. आपल्याकडे अनेकांच्या पगाराच्या खात्याला रुपे किंवा मास्टरकार्ड असते. म्हणजे इटलीला जायला दोन व्हिसा लागतात, एक पासपोर्टवर आणि एक पाकिटात. कार्ड असले तरी त्यावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू केलेले आहेत का, हे बँकेच्या ॲपमध्ये आधी पाहा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे नव्या कार्डांवर ही सोय सुरुवातीला बंदच असते.

तिकीट कागदावर येत नाही, मोबाइलच्या ॲपमध्येच येते. त्यामुळे कोणी पीडीएफ किंवा छापील तिकीट विकत असेल, व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट पाठवून 'अर्धे पैसे आधी टाका' म्हणत असेल, तर तो व्यवहार तिथेच थांबवावा. ठेवीचे पैसे अडकणे म्हणजे काय, हे पेण अर्बन बँकेच्या ठेवीदारांनी २०१० पासून भोगले आहे. या भागात तरी 'कागद पक्का आहे' एवढ्यावर कोणी भुलू नये.

खरी अडचण व्हिसाची का?

तिकीट हातात असले म्हणजे इटलीत प्रवेश मिळेल, हा मोठा गैरसमज आहे. खेळाडू आणि अधिकाऱ्यांना ऑलिम्पिकच्या ओळखपत्रावर प्रवेशाची वेगळी सोय असते. प्रेक्षकाला तशी कोणतीही सवलत नाही. त्याला नेहमीचाच शेंगेन पर्यटक व्हिसा लागतो.

महाराष्ट्रातल्या अर्जदाराची फाइल मुंबईतील इटलीच्या वाणिज्य दूतावासाकडे जाते आणि ती व्हीएफएस केंद्रावर द्यावी लागते. शुल्क ९० युरो, म्हणजे साधारण साडेनऊ हजार रुपये. केंद्राचे सेवाशुल्क त्याहून वेगळे. नियमानुसार निर्णय १५ दिवसांत होतो, पण चौकशी लागली तर ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी तो द्यावाच लागतो. आज अपॉइंटमेंट मिळाली तर दुसऱ्या आठवड्यातले सामने हाती लागू शकतात. पहिल्या आठवड्यातल्या तारखांसाठी आता खरोखर खूप उशीर झाला आहे.

नकाराचे प्रमाणही लक्षात घ्या. २०२४ मध्ये भारतातून शेंगेन व्हिसासाठी सुमारे ११ लाख अर्ज गेले आणि त्यांतले सुमारे १ लाख ६५ हजार नाकारले गेले. साधारण दर सात अर्जांत एक. नकार आला तर शुल्क परत मिळत नाही.

यात डोलवीतली सगळी माणसे एका रांगेत नाहीत. कारखान्याच्या कायम नोकरीतल्या अभियंत्याकडे फॉर्म १६ असतो, पगाराची पावती असते, कंपनीच्या लेटरहेडवर रजेचे पत्र मिळते. त्याची फाइल सरळ आहे. ठेकेदाराकडे काम करणाऱ्याचे काय? पगार बँकेत जमा होतो, पण ठेकेदार वर्षाला बदलतो आणि रजेचे पत्र द्यायला कोणी तयार नसते. दूतावासाला मुख्यतः एकाच प्रश्नाचे उत्तर हवे असते : हा माणूस परत येईल का? ठेक्यावरच्या कामगाराला ते कागदावर सिद्ध करणे सर्वात अवघड जाते. त्याच्याकडे तेवढे पैसे साठले असतील, तरीही.

खारेपाटातल्या शेतकरी कुटुंबाची अडचण आणखी वेगळी. शेतीचे उत्पन्न करमुक्त, त्यामुळे अनेकांनी विवरणपत्रच भरलेले नसते. जमिनीचा मोबदला मिळून खात्यात मोठी रक्कम आलेली असेल, तर अचानक जमा झालेल्या रकमेबद्दल शंका घेतली जाते. अशा वेळी सातबारा, मोबदल्याची कागदपत्रे आणि त्यांचे इंग्रजी भाषांतर जोडणे, रक्कम कुठून आली ते एका पत्रात साध्या शब्दांत लिहिणे उपयोगी पडते. त्यामुळे व्हिसा मिळेलच असे नाही, पण शंका कमी होते. 'शंभर टक्के व्हिसा मिळवून देतो' म्हणणाऱ्या एजंटाच्या हातात यातले काहीच नसते.

प्रवास विमा सक्तीचा आहे आणि त्याची किमान रक्कम ३० हजार युरो, म्हणजे साडेएकतीस लाख रुपये असावी लागते. आकडा मोठा वाटला तरी हप्ता तुलनेने किरकोळ असतो. पासपोर्टवर आधीचा बहुप्रवेशी शेंगेन व्हिसा अजून वैध असेल, तर नवा काढण्याची गरज नाही. कंपनीच्या कामासाठी युरोपात जाऊन आलेल्यांनी पासपोर्ट उघडून तारीख पाहावी.

आधी काय करावे, व्हिसा की तिकीट? विमान आणि हॉटेलचे आरक्षण रद्द करता येईल असेच घ्यावे, पूर्ण पैसे व्हिसा आल्यावरच भरावेत. सामन्याचे तिकीट मात्र परत करता येत नाही. ते अधिकृत पुनर्विक्रीत टाकता येते, पण घेणारा मिळाला तर. म्हणून स्वस्तातले एकच तिकीट आधी घेऊन अर्जाला जोडावे आणि बाकीची नंतर पाहावीत, हा मधला मार्ग त्यातल्या त्यात शहाणपणाचा.

खर्चाचे गणित काय?

विमान आणि हॉटेलचे दर रोज बदलतात, त्यामुळे इथे आकडा छापून उपयोग नाही. पण खर्च कुठे वाढतो ते सांगता येते. सर्वात मोठा खर्च मुक्कामाचा. स्पर्धेच्या काळात बोर्मिओ, लिविन्यो, कोर्टिना या छोट्या गावांत खोल्या मोजक्या आणि मागणी जगभरातून. मिलानमध्ये हॉटेल जास्त असल्याने पर्याय आहेत. बर्गामोसारख्या रेल्वेने तासाभराच्या अंतरावरच्या शहरात राहून ये-जा केली तर फरक पडतो. रोज कर्जत-दादर करणाऱ्यांना एवढे अंतर जड जाऊ नये.

विमानाचे म्हणाल तर नवी मुंबई विमानतळ २५ डिसेंबरपासून सुरू झाला आहे आणि पेणहून तो सहारच्या जवळपास निम्म्या अंतरावर आहे. मात्र तिथून सध्या देशांतर्गत उड्डाणेच होतात. मिलानसाठी मुंबईच्या जुन्या विमानतळावरून आखाती देशांतील एखाद्या शहरात विमान बदलावे लागेल, किंवा दिल्लीला जाऊन एअर इंडियाचे थेट विमान घ्यावे लागेल.

कराचा मुद्दा अनेकांच्या लक्षात येत नाही. परदेश सहलीचे पॅकेज टूर कंपनीकडून घेतले तर २०२५-२६ च्या नियमानुसार १० लाखांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर २० टक्के टीसीएस आकारला जातो. ३ लाखांच्या पॅकेजवर १५ हजार रुपये जास्तीचे मोजावे लागतात. ते विवरणपत्र भरताना करात वळते होतात किंवा परत मिळतात, पण तोपर्यंत अडकून राहतात. विमान, हॉटेल, तिकीट स्वतः वेगवेगळे आरक्षित केले तर ते पॅकेज ठरत नाही आणि हा टीसीएस लागत नाही. मोबाइलवर रेल्वेचे तत्काळ तिकीट काढू शकणाऱ्याला हे जमण्यासारखे आहे.

तिथली थंडी सोसवेल का?

लिविन्यो समुद्रसपाटीपासून १,८०० मीटरवर आहे. बोर्मिओ आणि कोर्टिना साधारण सव्वाबाराशे मीटरवर. फेब्रुवारीत रात्रीचे तापमान शून्याखाली दहा-पंधरा अंश जाणे तिथे नेहमीचे. खेळाडू धावत असतो, प्रेक्षक एका जागी उभा असतो. त्यामुळे थंडी प्रेक्षकालाच जास्त लागते.

एकच जाडजूड जॅकेट घेण्याची चूक टाळा. आत थर्मल, मध्ये फ्लीस किंवा लोकरीचा स्वेटर, बाहेर वारा न शिरू देणारे जॅकेट, असे तीन थर हवेत. थरांमध्ये अडकलेली हवाच उष्णता धरून ठेवते. सुती बनियन मात्र आत घालू नका. चढ चढताना तो घामाने ओला होतो आणि नंतर अंगावर बर्फासारखा गार पडतो. सर्वात आधी गारठतात ती पावले, कारण उष्णता बुटाच्या तळव्यातून थेट बर्फात जाते. पायांखाली पुठ्ठ्याचा तुकडा टाकला तरी फरक पडतो. थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरात हे उदाहरण आले असते तर आमच्या बॅचचे निकाल बरे लागले असते.

मोबाइलची बॅटरी थंडीत झपाट्याने उतरते. लिथियम-आयन बॅटरीतली रासायनिक क्रिया कमी तापमानात मंदावते, आणि ४० टक्के दाखवणारा फोन अचानक बंद पडू शकतो. तिकीट फोनमध्येच असल्याने प्रवेशद्वारावर हा प्रकार महागात पडेल. फोन आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवा आणि पॉवर बँकही तिथेच.

विमानतळावरही थोडा जास्त वेळ धरा. युरोपीय संघाने १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने नवी प्रवेश-निर्गम प्रणाली सुरू केली आहे. बिगर-युरोपीय प्रवाशांची नोंद आता पासपोर्टवरच्या शिक्क्याऐवजी चेहऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे घेऊन होते. पहिल्यांदा नोंदणी करताना रांग लांबते. त्यामुळे उतरल्यानंतर दोन तासांत सामना, असा बेत करू नका.

एवढा खटाटोप कशासाठी?

भारताला हिवाळी ऑलिम्पिकमध्ये आजवर एकही पदक मिळालेले नाही. १९६४ मध्ये इन्सब्रुकला जेरेमी बुजाकोवस्की हा आपला पहिला प्रतिनिधी उतरला. त्यानंतर शिवा केशवन. १९९८ च्या नागानोपासून २०१८ पर्यंत तब्बल सहा हिवाळी ऑलिम्पिक. लूजसाठी देशात ट्रॅक नसल्याने तो हिमालयातल्या रस्त्यांवर चाके लावलेल्या स्लेजवरून, ट्रक आणि मेंढ्या चुकवत सराव करायचा. २०१४ च्या सोचीत भारतीय ऑलिम्पिक संघटनेवर बंदी असल्याने आपले खेळाडू उद्घाटनाला ऑलिम्पिकच्या ध्वजाखाली चालले. स्पर्धा सुरू असतानाच बंदी उठली आणि समारोपाला तिरंगा आला.

अशा खेळाडूच्या नावाने ओरडणारे प्रेक्षागृहात किती असतात? क्रिकेटला परदेशातही निम्मे स्टेडियम निळे दिसते. बर्फाच्या उतारावर भारताचा खेळाडू उतरतो तेव्हा मात्र तिरंगा शोधावा लागतो. २०२२ मध्ये तर करोनामुळे परदेशी प्रेक्षकांना बीजिंगला प्रवेशच नव्हता. वर गलवानच्या संघर्षात सहभागी असलेल्या चिनी अधिकाऱ्याला मशालवाहक केल्याच्या निषेधार्थ दूरदर्शनने उद्घाटन आणि समारोप दाखवला नाही. आरिफ खान तिरंगा घेऊन चालला, तेही दूरदर्शनवर थेट न दिसता. पदकाची आशा नसतानाही कुणाला तिथे जाऊन उभे राहावेसे वाटत असेल, तर ते वेड समजण्यासारखे आहे.

यंदा जमले नाही तर?

त्यातल्या त्यात जवळचा पर्याय पॅरालिम्पिक. याच ठिकाणी ६ ते १५ मार्च या काळात हिवाळी पॅरालिम्पिक होईल. तिकिटे ऑलिम्पिकपेक्षा बरीच स्वस्त आहेत आणि व्हिसासाठी पुरेसा वेळ हातात आहे. आज अर्जाची तयारी करणाऱ्याला आम्ही हाच पर्याय आधी सुचवू. बसून खेळली जाणारी पॅरा आइस हॉकी एकदा यूट्यूबवर पाहा, ती रटाळ वाटण्याचे कारण नाही.

देशातही सोय वाढते आहे. खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा २०२० पासून लेह आणि गुलमर्गमध्ये होतात. लेहच्या रिंकवर महाराष्ट्राच्या स्केटरनी पदकेही घेतली आहेत. डेहराडूनची हिमाद्री रिंक बरीच वर्षे बंद होती, ती पुन्हा सुरू झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तिथे आशियाई शॉर्ट ट्रॅक स्पर्धाही झाली. पासपोर्ट लागत नाही, व्हिसा लागत नाही. लेहला जाताना मात्र उंचीशी जुळवून घ्यायला पहिले एक-दोन दिवस विश्रांती घ्यावी लागते, कारण ते शहर साडेतीन हजार मीटरवर आहे, लिविन्योच्या जवळपास दुप्पट.

घरून पाहणाऱ्यांसाठी वेळेचा हिशेब सोपा आहे. इटली आपल्यापेक्षा साडेचार तास मागे. तिथली सकाळी दहाची शर्यत इथे दुपारी अडीचला, म्हणजे कारखान्यातली सकाळची पाळी सुटून घरी पोहोचेपर्यंत. मिलानमधले रात्री आठचे अंतिम सामने मात्र इथे मध्यरात्रीनंतर साडेबाराला.

पुढची हिवाळी ऑलिम्पिक १ ते १७ फेब्रुवारी २०३० या काळात फ्रान्सच्या आल्प्स पर्वतरांगांत आहे. व्हिसा तोच, शेंगेनचा. २०३४ ची अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीला, तिथे अमेरिकेचा व्हिसा लागेल. २०३० साठी जायचे असेल तर पासपोर्ट आणि विवरणपत्रे आतापासून नीट करता येतील. दूतावास मागच्या काही वर्षांची विवरणपत्रे पाहतो. ज्यांनी आजवर एकही भरलेले नाही, त्यांच्या हातात अजून चार वर्षे आहेत.